परक्या वर्गातल्या शिक्षकाच्या पाठीशी कोण?

२१ सप्टेंबर १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी एका कायद्यावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, आणखी एका. पहिला कायदा परस्पर शैक्षणिक व सांस्कृतिक देवाणघेवाणीचा. फुलब्राइट-हेज या नावाने तो ओळखला जातो आणि परदेशी शिक्षकाला अमेरिकेतल्या शाळेत आणणारा जे-१ व्हिसा आजही त्याच्याच आधारावर मिळतो. दुसऱ्या कायद्याने ‘पीस कोअर’ या संस्थेला पक्का पाया दिला आणि अमेरिकेची तरुण मुले-मुली जगभरच्या शाळांत शिकवायला निघाली. १९९३ ते २०२० या काळात अशा तेराशेहून अधिक स्वयंसेवकांनी चीनमध्ये काम केले. सिचुआन, चोंगचिंग, ग्वेझोउ, गान्सू अशा भागांतल्या महाविद्यालयांत ते प्रामुख्याने इंग्रजी शिकवत. वर्गात पाय ठेवण्यापूर्वी सुमारे तीन महिने त्यांना भाषा, चालीरीती आणि अध्यापन यांचे प्रशिक्षण मिळे. आजारपणात संस्थेची वैद्यकीय व्यवस्था असे, दरमहा निर्वाहभत्ता असे आणि मुदत संपली की घरी परतून पुन्हा उभे राहण्यासाठी काही रक्कम हाती पडे. परक्या देशातला एकटेपणा त्यांनाही चुकला नाही, पण पाठीशी आपला देश आहे हे त्यांना ठाऊक होते. उलट्या दिशेने, म्हणजे भारतातून अमेरिकेच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या तरुण शिक्षकाच्या पाठीशी मात्र कोणीच उभे नसते. बोलावणारा देश त्याला तात्पुरती सोय समजतो आणि पाठवणारा देश ‘शिकलेला आहे, त्याचे तो पाहील’ असे धरून चालतो. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत जो माणूस सापडतो, त्याची जबाबदारी आपण, म्हणजे भारत सरकारने आणि महाराष्ट्रानेही, उचलली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हे शिक्षक का जातात, याची कारणे दोन्ही बाजूंना आहेत. अमेरिकेत सार्वजनिक शाळा चालवणारे सुमारे तेरा हजार स्वतंत्र जिल्हे आहेत. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब राहते. २०१० नंतरच्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाला प्रवेश घेणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. गणित, विज्ञान आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे वर्ग, विशेषतः ग्रामीण आणि गरीब भागांत, शिक्षकांविना पडू लागले, आणि त्या जागा भरण्यासाठी फिलिपाइन्स, जमैका, भारत अशा देशांकडे पाहिले गेले. अमेरिकेतल्या शिक्षक संघटनेच्या २००९ मधील एका अहवालानुसार २००७ सालीच तात्पुरत्या व्हिसावर सुमारे १९ हजार परदेशी शिक्षक तिथे शिकवत होते. आता आपल्या बाजूला पाहा. महाराष्ट्रात डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या तरुणाला टीईटी ही पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीच्या पवित्र पोर्टलवरची प्रतीक्षा असा रस्ता तुडवावा लागतो. त्याच्या शेवटी नेमणूक मिळाली तरी पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर. हे मानधन २०२३ मध्ये वाढले, तेही प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये इतकेच झाले. अमेरिकेत २०२३-२४ मध्ये नव्या शिक्षकाचा सरासरी वार्षिक पगार ४६ हजार डॉलरच्या पुढे होता. दोन वर्षांचा अनुभव असलेल्या पदवीधर शिक्षकाला जे-१ व्हिसासाठी अर्ज करता येतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की तो अर्ज का करतो, हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या कामाचे शिक्षण त्याने घेतले, तेच काम तो सन्मानाच्या पगारावर करू पाहतो आहे.

पण काम तेच राहत नाही, आणि इथेच खरी अडचण सुरू होते. आपल्याकडे तास संपला की शिक्षक वर्ग बदलतो, मुले जागेवर असतात. अमेरिकेच्या माध्यमिक शाळेत खोली शिक्षकाची असते आणि मुले बदलतात. दर तासाला नवा गट आत येतो आणि त्याला शिस्त लावण्याची जबाबदारी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आपल्याकडे सहामाहीचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवणे नित्याचे असते. तिथे १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद ही त्याची आणि त्याच्या पालकांची खासगी बाब ठरवली आहे, म्हणून नावानिशी गुण फळ्यावर लावणारा शिक्षक नकळत नियम मोडतो. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचा मूळ कायदा १९७५ चा. त्याखाली प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक आराखडा तयार होतो. त्यातली उद्दिष्टे, सवलती आणि सेवा यांना कायद्याचे बळ असते, पालक त्या बैठकीत हक्काने बसतात आणि आराखड्याप्रमाणे शिकवले गेले नाही तर दाद मागू शकतात. सार्वजनिक शाळांतल्या दर सात मुलांपैकी साधारण एका मुलाला हा आराखडा लागू आहे. साठ मुलांच्या वर्गाला एकाच फळ्यावरून उत्तम शिकवलेल्या शिक्षकाला हा दस्तऐवज पहिल्यांदा दिसतो, तो बहुधा तिथे पोहोचल्यावरच. शिवाय गोळीबार झाला तर काय करायचे, याचा सराव असतो: दार लावा, दिवे घालवा, मुलांना कोपऱ्यात शांत बसवा. ज्याने असा प्रसंग कधी कल्पिलाही नाही, त्याने मुलांना धीर द्यायचा असतो. यातली कोणतीही गोष्ट शिकता न येण्यासारखी नाही. अध्यापनाचे कौशल्य त्याच्याकडे आहे, पण त्या समाजातल्या वर्गखोलीचे नियम त्याला कोणी शिकवलेले नाहीत. पीस कोअरच्या स्वयंसेवकाला त्यासाठी तीन महिने मिळत. याला अनेकदा मोजके दिवस मिळतात, आणि त्याच्या चुकांची किंमत त्याच्याबरोबर त्याच्या वर्गातली मुलेही मोजतात. ती मुले बहुतेक वेळा गरिबांचीच असतात.

शाळेबाहेरचे जगणेही याच अपुऱ्या तयारीचे आहे. सामाजिक सुरक्षा क्रमांक हाती येईपर्यंत पगार आणि बँकेची कामे रखडतात. कर्जफेडीचा पूर्वइतिहास नाही, म्हणून घरमालक जादा अनामत मागतो किंवा हमीदार मागतो, आणि नव्या गावात हमीदार कुठून आणायचा? ज्या ग्रामीण जिल्ह्यांना शिक्षकांची सर्वाधिक गरज असते, तिथे बस नसते आणि गाडीशिवाय किराणाही आणता येत नाही. पहिला पगार येईपर्यंतचा महिना घरून आणलेल्या किंवा उसन्या घेतलेल्या पैशांवर निघतो. शाळेचे वर्ष सुमारे १८० दिवसांचे असते, म्हणून अनेक जिल्ह्यांत करार दहा महिन्यांचा असतो आणि उन्हाळ्याच्या महिन्यांची तजवीज स्वतः करावी लागते. खडू, कागद, रंग, पुस्तके यांवर तिथले शिक्षक पदरचे पैसे घालतात. हे इतके सार्वत्रिक आहे की आयकरात त्यासाठी वजावट ठेवलेली आहे. या सगळ्या ओझ्यात सर्वांत जड असतो तो व्हिसा. जे-१ ची मुदत तीन वर्षांची, फार तर आणखी दोन वर्षे वाढते. त्यानंतर पुन्हा त्याच मार्गाने यायचे तर दोन वर्षे अमेरिकेबाहेर काढावी लागतात. नोकरी गेली की राहण्याचा हक्कही धोक्यात येतो. म्हणून ज्या वर्गात इतर शिक्षक जायला नाखूश असतात तो वर्ग त्याला दिला, जादा तास लावले, ठरलेल्या विषयाऐवजी दुसराच विषय दिला, तरी तो तक्रार करायला कचरतो. याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. घरी पैसे पाठवणाऱ्या आणि कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाने केलेला तो हिशेब आहे.

हा हिशेब किती भीषण होऊ शकतो, हे न्यायालयाच्या नोंदींत आहे. लुइझियाना राज्यातल्या शाळांसाठी २००७ नंतर फिलिपाइन्समधून सुमारे साडेतीनशे शिक्षक आणले गेले. लॉस एंजेलिसमधल्या भरती कंपनीने प्रत्येकाकडून हजारो डॉलर उकळले, पैसे भरल्यानंतर आणखी शुल्क पुढे केले आणि दुसऱ्या वर्षाच्या पगारातही वाटा मागितला. एका नागरी हक्क संस्थेने आणि शिक्षक संघटनेने २०१० मध्ये त्यांच्या वतीने दावा लावला आणि डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने ४५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. दुसरी घटना मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस परगण्याची. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी मालकाने भरायचे शुल्क तिथल्या शाळा व्यवस्थेने हजाराहून अधिक परदेशी शिक्षकांना भरायला लावले, असे अमेरिकेच्या कामगार विभागाला आढळले. २०११ मध्ये ४२ लाख डॉलर परत देण्याचे ठरले आणि त्या व्यवस्थेवर दोन वर्षे नव्या अर्जांची व नूतनीकरणाची बंदी आली. न्याय झाला, पण बंदीमुळे ज्यांचे व्हिसा संपत आले होते त्या शिक्षकांचीच नोकरी गेली. अपराध मालकाचा आणि घर सोडण्याची पाळी शिक्षकाची. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादण्यात आले. कोणतीही ग्रामीण शाळा एका शिक्षकासाठी एवढी रक्कम मोजणार नाही, त्यामुळे जाणाऱ्यांचा ओघ जे-१ कडेच वळणार. एच-१बी मध्ये निदान मालकाने कोणते शुल्क भरायचे हे कायद्याने बजावले आहे. जे-१ मध्ये ‘देवाणघेवाण’ या सुंदर शब्दामागे मजुरीचे संरक्षण त्याहून सैल आहे.

अमेरिकेचे कायदे आपण बदलू शकत नाही, हे मान्य. पण आपले कायदे आपण बदलू शकतो, आणि इथेच आपली उदासीनता दिसते. आपल्या १९८३ च्या स्थलांतर कायद्याची रोजची अंमलबजावणी प्रामुख्याने दहावी न झालेल्या कामगारांभोवती फिरते. अठरा ठरावीक देशांत कामाला जाताना त्यांना सरकारी परवानगी घ्यावी लागते. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. ही व्यवस्था निर्दोष नाही, पण निदान दाद मागायला एक खिडकी आहे. अमेरिकेला निघालेला पदवीधर शिक्षक या परवानगीच्या चौकटीत येतच नाही. तो शिकलेला आहे, म्हणून तो फसणार नाही, असे यामागचे गृहीतक. लुइझियानातल्या साडेतीनशे जणांत एकही अशिक्षित नव्हता, सगळे पदवीधर शिक्षक होते. फसवणूक टिकते ती माहितीच्या अभावावर आणि नोकरीच्या गरजेवर, आणि या दोन्ही गोष्टी पदवीने नाहीशा होत नाहीत. हे आपल्या सरकारने एकदा स्वतःच कबूल केले आहे. आखाती देशांत जाणाऱ्या परिचारिकांची लूट होऊ लागली, तेव्हा २०१५ मध्ये केंद्राने त्या अठरा देशांतली परिचारिकांची भरती केरळच्या नॉर्का रूट्स आणि ओडेपेक यांसारख्या सरकारी संस्थांमार्फत करण्याचा आदेश काढला. परिचारिका शिकलेल्याच होत्या. मग जो न्याय परिचारिकेला दिला, तो शिक्षकाला का नाही? राष्ट्रकुल देशांनी २००४ मध्ये शिक्षक भरतीची आचारसंहिता मान्य केली. भारत राष्ट्रकुलात आहे, अमेरिका नाही, म्हणून तिथे जाणाऱ्यांना त्या संहितेचा आधार नाही. ती पोकळी आपल्या देशातल्या नियमांनीच भरावी लागेल.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, हे लोक स्वखुशीने जातात, महाराष्ट्रातल्या मानधनाच्या कितीतरी पट कमावतात, मग त्यांची चिंता कशाला? पगार जास्त आहे, हे खरे. पण त्या पगारातून तिथले भाडे, गाडी, विमा आणि एजंटाचे कर्ज वजा जाते. आणि पगार चांगला असला म्हणून माणसाचा फसवले न जाण्याचा हक्क संपत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आपल्याच खेड्यांत गणिताचा शिक्षक मिळत नसताना शिक्षक बाहेर पाठवण्याची सोय आपण का करावी? या आक्षेपामागची कळकळ मला मान्य आहे. पण तरुण शिक्षक जातो तो सोय आहे म्हणून नव्हे. तीन वर्षे मानधनावर ठेवणारी आणि भरतीसाठी वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणारी आपली व्यवस्था त्याला जायला लावते. त्याला थांबवायचे असेल तर इथला पगार आणि भरती सुधारणे हाच प्रामाणिक उपाय. जाणाऱ्याला असुरक्षित ठेवून गळती थांबत नाही, तो फक्त अधिक महाग कर्ज काढून आणि अधिक लबाड एजंटाच्या हाताला धरून जातो. शिवाय जे-१ चा शिक्षक कायद्यानेच परत येणारा आहे. वैयक्तिक आराखडे लिहिण्याचा आणि विशेष गरजांच्या मुलांना सामान्य वर्गात सामावून घेण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो, आणि आपल्या शाळांना तो हवाच आहे. तिसरा आक्षेप नियमांच्या जाचाचा. परवानग्यांचे जाळे विणले तर संधीच आटतील, असे म्हणतात. भीती निराधार नाही. म्हणूनच मी जाण्यावर परवानगी मागत नाही. नियम एजंटावर हवा, शिक्षकाने मात्र मोकळेपणाने जावे.

परदेशी शिक्षकाच्या पाठीशी संस्था असेल आणि त्याच्या हाती पुरेसा काळ असेल तर काय घडते, याचा दाखला महाराष्ट्राला नवा नाही. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातून सिंथिया फरार ही अविवाहित तरुणी डिसेंबर १८२७ मध्ये मुंबईत उतरली. अमेरिकन मिशनच्या आधारावर तिने मराठी शिकून मुलींच्या शाळा चालवल्या, पुढे ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. मिशनच्या धर्मप्रसाराच्या हेतूंबद्दल मतभेद असतील, असायलाही हवेत. पण परक्या देशातून आलेल्या शिक्षिकेने भाषा शिकायला, माणसे ओळखायला आणि चुका सुधारायला वेळ घेतला, आणि तो वेळ तिला देणारी संस्था तिच्यामागे होती, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे. चौतीस वर्षांचा तो मुक्काम आणि आजचा तीन वर्षांचा करार यांची तुलना शब्दशः करता येणार नाही. मात्र मुदत जितकी आखूड, तितकी आधीची तयारी भक्कम हवी, हे उघड आहे. ती तयारी घरूनच व्हावी लागेल.

या तयारीची रूपरेषा अवघड नाही. परराष्ट्र मंत्रालयाने १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २०२५ मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात शिक्षकांची भरती करणारा प्रत्येक एजंट, देश कोणताही असो, नोंदणीकृत असावा आणि शुल्काची मर्यादा त्यालाही लागू व्हावी, हे स्पष्ट लिहिले जावे. एक रुपया घेण्यापूर्वी शाळेचे नाव, गाव, विषय, पगार, करारातले महिने आणि पुढील प्रत्येक वर्षाचे शुल्क शिक्षकाच्या हाती लेखी पडले पाहिजे. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला आणि भाषेच्या प्रशिक्षणाचे काम शालेय शिक्षण विभागाकडे सोपवले. जे राज्य परदेशी निघालेल्या कामगाराला जर्मन शिकवायला तयार होते, त्याला परदेशी निघालेल्या शिक्षकाला चार आठवड्यांत अमेरिकी वर्गखोलीचे कायदे आणि रीती शिकवणे जड जाऊ नये. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीच आहेत, आणि परतून आलेले शिक्षक त्यांचे उत्तम मार्गदर्शक ठरतील. अशा शिक्षकाची परदेशातली वर्षे अनुभवात धरण्याचा नियम निःसंदिग्ध असावा. अटलांटा आणि ह्यूस्टनच्या वाणिज्य दूतावासांकडे आपापल्या राज्यांतल्या भारतीय शिक्षकांची यादी असावी, म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाला निदान एक दूरध्वनी करता येईल. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांना जोडत आले आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांसाठी मराठी शाळा चालवणाऱ्या त्यांच्या परिवारातल्या मंडळांना एखाद्या नव्या शिक्षकाचा पहिला महिना सोपा करणे मुळीच कठीण नाही. पीस कोअरने आपली मुले परक्या वर्गात पाठवताना त्यांची जबाबदारी घेतली, कारण ती त्या देशाची मुले होती. सोलापूरच्या किंवा चंद्रपूरच्या एखाद्या शाळेतून निघून साउथ कॅरोलायनातल्या फळ्यासमोर उभी राहणारी शिक्षिकाही आपलीच मुलगी आहे. परक्या मुलांना ती मन लावून शिकवते आहे. तिच्या पाठीशी उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे.